चकचकीत नाणे नकली ठरवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
पुरातन वस्तू कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : बाजाररस्त्यावरील चष्म्याचा दुकानदार (पत्ता आपल्या दप्तरी आहे).

विषय : अर्जदारास दोषी ठरवून त्याच्याकडील नमुना नाणे नकली असल्याचे जाहीर करण्याबाबत.

संदर्भ : आपली 'दुसरे नाणे हजर करा' ही नोटीस व तीवरील माझे फेटाळलेले सर्व खुलासे.

महोदय,

१. परकीय राजवटीत टाकसाळीने वरिष्ठांना दाखवण्यापुरते पाडलेले, पण नापसंत झाल्याने चलनात कधीच न आलेले तांब्याचे एक नमुना नाणे माझ्या संग्रही आहे. तसे दुसरे अद्याप कोणाच्या ऐकिवात नाही. ते घेण्यासाठी मी तरुणपणी दुकानातले काचा घासण्याचे यंत्र विकले होते व त्यावरून सौभाग्यवतींनी बराच काळ अबोला धरला होता. कायद्याची चाड म्हणून मी आपण होऊन त्याची नोंदणी करायला गेलो आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

२. आपले निरीक्षक घरी आले. पंचनाम्यात त्यांनी नाण्याचा रंग 'काळपट' असा लिहिला, तो बरोबर होता. मग फोटोत अक्षरे उठेनात म्हणून, मी चहा आणायला आत गेलो असता, त्यांनी ते माझ्याच दंतमंजनाने घासले. "काका, बघा कसं लख्ख झालं!" असे ते कौतुकाने म्हणाले. जुन्या नाण्यावरचा काळा थर हीच त्याची अब्रू असते. मी नाण्याकडे बघत बघतच पुढे आलेल्या कागदांवर न वाचता सह्या केल्या.

३. परिणामी आपल्या फायलीत वर्णन काळ्या नाण्याचे व फोटो चकचकीत नाण्याचा आहे. यावरून माझ्याकडे दोन नाणी असून खरे, काळे नाणे मी दडवले, असा निष्कर्ष आपण काढलात. ते हजर करेपर्यंत मला शहर सोडण्यास मनाई असून माझे ओळखपत्र आपल्या कपाटात आहे. झडतीत पिठाचा डबाही सुटला नाही, पण नसलेली वस्तू सापडणार कोठून? निरीक्षकांना भेटलो, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "काका, मंजनाचं लिहून दिलं तर माझी नोकरी जाईल हो. दोन लेकरं आहेत पदरात." मला त्यांच्यावर धड रागावताही आले नाही.

४. परगावी मुलीकडे गेलेल्या सौभाग्यवती तिथल्या रुग्णालयात असून गुरुवारी त्यांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मला तेवढ्यापुरते जाऊ द्यावे, या विनंतीवर 'चौकशी सुरू आहे' असा शेरा पडला. काल फोनवर त्यांना हे सांगायला गेलो, तर त्या ऐकूनच घेईनात. "राहू द्या. नाणं सोडून तुम्ही यायचे नाहीत, मला ठाऊकच होतं," एवढे बोलून त्यांनी फोन मुलीच्या हाती दिला. महोदय, हेच मनात धरून त्या आत जातील, याची मला फार भीती वाटते.

५. आपल्या खिडकीवरील बाईंनी कणव येऊन सांगितले, "चौकशी चालू असलेल्याला गाव सोडता येत नाही, काका. गुन्हा कबूल केला, की दंड भरून त्याच दिवशी मोकळं होता येतं." सबब मी लिहून देतो, की माझ्याकडे दोन नाणी होती. काळे मी नदीत फेकले. उरलेले चकचकीत नाणे नकली आहे. ते खरे असल्याबद्दल आजवर जे जे लिहिले, ते रद्द समजावे.

६. नकली नाणे नियमानुसार वितळवले जाते, हेही बाईंनी सांगितले. मला मान्य आहे. नाण्याची पोच नको, ओळखपत्र तेवढे द्यावे. बुधवारची शेवटची गाडी मिळेल अशा बेताने मला दोषी ठरवावे, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र अपराधी,
(सही)
चष्मेवाला
दिनांक : सोमवार

सोबत :
१) कबुलीजबाब
२) नाणे, नकली

प्रत माहितीसाठी : अर्जदाराची पत्नी, स्त्रियांचा कक्ष, खिडकीजवळची खाट.