वायर कुठे जाते?

६ एप्रिल

आज पुन्हा 'स्वावलंबन'! चार नंबरच्या स्लाइडवरचा तो शब्द साहेबांनी—वासुदेवांनी—आणखी मोठा करायला लावला. गिऱ्हाईक म्हणजे एक चिमुकला बेटदेश. डिझेलचं जहाज लांबलं की अख्खा देश अंधारात. त्याला उन्हाच्या जोरावर स्वतःच्या पायांवर उभं करणार कोण, तर आम्ही. आमच्या स्वतःच्या ऑफिसच्या गच्चीवर एक पॅनल नाही, आणि एसीला मिनिटभर उसंत नाही.

टेंडर हातचं गेलं तर माझा व्हिसा रिन्यू होणार नाही, हेही सांगून झालंय. लेकीची, दियाची, बारावी आत्ता कुठे सुरू झाली. मार्चपर्यंत तरी दुबईत टिकायलाच हवं.

९ एप्रिल

बेटावरचे पाहुणे सोमवारी येणार. गच्ची बघणार म्हणे! आठ पॅनल भाड्यानं आणून मांडले. जोडायचे कधी, असं विचारलं तर वासुदेव म्हणाले, "फोटोत करंट दिसतो का?"

१० एप्रिल

बिल्डिंगवाल्यांची नोटीस—बाल्कनीत काहीही वाळत घालायचं नाही. स्मिताचे पोह्याचे पापड अडकले. "तुमची कंपनी ऊन विकते ना? मला थोडं फुकट आणा," म्हणाली.

झोंबलं. डबा ऑफिसला नेला, पॅनलवर जुनी साडी अंथरली. दुपारपर्यंत खडखडीत! आठ पॅनलचं आजवरचं एकूण उत्पादन : पापड, दीडशे.

१३ एप्रिल

पाहुणे आले. आणि पापडांची दुसरी खेप काढायची राहिली होती! वासुदेवांचा चेहरा बघण्यासारखा. बेटाच्या मंत्रालयातल्या कुलसुमबाई—साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या—त्यांनी एक पापड कच्चाच मोडून खाल्ला. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "वायर कुठे जाते?"

"खाली, इन्व्हर्टर रूममध्ये," मी म्हणालो. त्या खोलीत आमचे झाडू असतात.

जिना उतरताना त्या सांगत होत्या—त्यांच्या हॉस्पिटलात बाळंतपणं टॉर्चच्या उजेडात होतात. मला भयंकर लाज वाटली.

१४ एप्रिल

जेवण गेलं नाही. झाडूच डोळ्यांसमोर!

१५ एप्रिल

कुलसुमबाईंना मेल केला. सगळं लिहिलं—पॅनल भाड्याचे, वायर कुठेच जात नाही, मी खोटं बोललो. पाठवण्याआधी स्मिताला वाचून दाखवला. तिनं तो स्वतः पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाली, "पाठवा. दियाचं बघू काहीतरी."

दियानं विचारलं, "बाबा, आर वी गोइंग बॅक?" इन्शाल्ला म्हणालो. जायचंय की राहायचंय, ते मलाच ठाऊक नव्हतं.

२० एप्रिल

कुलसुमबाईंचं उत्तर आलं. 'गच्चीवरच लक्षात आलं होतं. आम्हाला पॅनल अगदी तसेच हवेत.'

सोबत ऑर्डर. उद्घाटन निवडणुकीच्या आठवडाभर आधी. पॅनल—चारशे. त्यातले पहिले पन्नास हॉस्पिटलच्या गच्चीवर. केबल—शून्य.