उम्म पायलनं कळवलेले अरबीचे फायदे

पावणे, नवी मुंबई

ती. हिरामणदादा यांस,

धाकटी बहीण काशीचा सप्रेम जयभीम. वहिनींनाही सांगा आणि त्यांच्या गुडघ्यालाही सांगा, कारण मागच्या फोनवर वहिनींपेक्षा गुडघाच जास्त बोलला. तुमची शुगर कशी आहे? गुळाच्या चहानं शुगर उतरते असा मेसेज तुम्ही पाठवला होता, तेव्हापासून इकडे तुमचे पाव्हणे, म्हणजे पायलचे पप्पा, गुळाचाच चहा पितात. त्यांना शुगर नाहीच, पण उतरली म्हणून खूश आहेत. बाकी सगळे ठीक. म्हणजे कंपन्यांचा वास रोज येतो, पाणी कधी कधी येतं, आणि मी कुणाला न मारता दिवस काढते आहे. हे चौथी पास बाईचं पत्र आहे. ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही लावून घ्या, मास्तर तुम्ही होतात.

मी लिहितेय ते तुमच्या दुसऱ्या मेसेजबद्दल. त्यात एक उंट होता, एक विमान होतं, आणि लिहिलं होतं की अरबी भाषा शिकल्यानं करिअर घडतं आणि संस्कृती कळते. (विमान होतं तर उंट कशाला, हे मी तेव्हाच विचारणार होते.) तुम्ही परभणीत खाटेवर पडून तो एका बोटानं पुढं ढकललात आणि कुशीवर वळलात. ते बोट इकडे आमच्या घराला लागलं. तुमची भाची बी.कॉम. होऊन ऐरोलीच्या एका ऑफिसात परदेशातल्या लोकांच्या तक्रारी कॉम्प्युटरमध्ये भरत होती. मामांचा मेसेज म्हणून तिनं मनावर घेतला. मामांचा सकाळी लवकर उठण्याबद्दल पण एक मेसेज होता, तो नाही घेतला.

ऐरोलीतच मोबाईलच्या दुकानावर क्लास निघाला. शिकवणारे श्यामसुंदर सर. ते बरीच वर्षं शारजात एका गोडाऊनवर स्टोअरकीपर होते, तिथून हे ज्ञान आणि एक ब्लँकेट घेऊन परत आले. ही भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, म्हणजे वही मागून सुरू होते. मी शेवटचं पान कोरं बघून त्यावर दुधवाल्याचे खाडे लिहिले, तर ते तिचं पहिलं पान निघालं आणि घरात रडारड. पण लिहिणं परवडलं, बोलणं नको. त्यातली काही अक्षरं घशाच्या अगदी तळातून काढायची असतात. सर म्हणाले, सकाळी उपाशीपोटी सराव करा. झालं. रोज सकाळी मोरीत उभी राहून पायल अख्ख्या चाळीला ऐकू जाईल असा घसा खरवडायला लागली. थोड्याच दिवसांत शेजारच्या चांगुणाबाई वाटीत लिंबाचं लोणचं घेऊन आल्या, दार लोटलं आणि हळूच म्हणाल्या, "काशी, कितवा महिना गं? मला सांग, मी कुणाला नाही सांगत." (त्यांनी ज्याला सांगितलं नाही असं घर चाळीत उरलं नव्हतं.) मी म्हटलं, बाई, ती अरबी शिकते. तर म्हणतात, "अगं बाई, म्हणजे मुलगा अरब आहे?" करिअरचा पहिला फायदा हा झाला.

दुसरा फायदा ज्ञानाचा. एकदा पायल शब्द पाठ करत होती आणि मी भाकरी थापत ऐकत होते. हिशोब, मालक, वकील, हक्क, तक्रार, अक्कल. सगळे अरबीतून आले म्हणे. 'फायदा' हा शब्दसुद्धा त्यांचाच, म्हणजे आपल्याला सांगायच्या आधीच तो त्यांचा झालेला होता. मी म्हटलं, मग शिकायचं काय उरलं? हे तर मी तुझ्या पप्पांना लग्नापासून ऐकवतेय. अक्कल नाही, मालकापुढं तक्रार करत नाहीत, हक्काची रजा घेत नाहीत. म्हणजे आपण जेवतो-झोपतो मराठीत आणि भांडायला उठलो की अरबीत जातो. मला तर डिग्रीच मिळायला पाहिजे.

पण पोरगी चिकट. क्लास संपवून तिनं ऑफिस सोडलं आणि इकडच्याच एका मोठ्या दवाखान्यात लागली, जिथं आखाती देशांतले लोक उपचाराला येतात. डॉक्टरचं त्यांना सांगायचं, त्यांचं डॉक्टरला. पहिलीच पेशंट मस्कतची एक म्हातारी, गुडघ्याचं ऑपरेशन. (वहिनींच्या गुडघ्याला सांगा, घाबरू नको.) डॉक्टर म्हणाले, त्यांना पाय हळूच खाली ठेवायला सांग. आता श्यामसुंदर सरांची भाषा पडली गोडाऊनची. पायलनं म्हातारीला अगदी अदबीनं सांगितलं की माल सावकाश उतरवा, नाजूक आहे, वरची बाजू वरच राहू द्या. म्हातारी इतकी हसली की डॉक्टर टाक्यांसाठी घाबरले. त्या दिवसापासून तिला पायलशिवाय कुणी चालेना. शेजारी बसवून बसवून तिनंच पोरीची गोडाऊनची भाषा माणसांची केली. हे काही तुमच्या मेसेजमध्ये नव्हतं.

त्या म्हातारीला सगळे उम्म सालेम म्हणतात, म्हणजे सालेमची आई. तिचं स्वतःचं नाव कुणाच्या तोंडी नाही. मी पायलला म्हटलं, हे तर आपल्यासारखंच. मला काशी म्हणणारी चाळीत एक चांगुणाबाई उरली, बाकीच्यांना मी पायलची आई. कळली संस्कृती. बाईचं नाव घालवायचं दोन्हीकडे सारखंच जमतं. तर मी आता उम्म पायल.

खरा घोळ मात्र मी घातला. दवाखान्याचं जेवण उम्म सालेमच्या घशाखाली उतरेना, म्हणून मी डब्यातून वरण-भात आणि घेवड्याची भाजी नेली. ती पोटभर जेवली, माझा हात धरला आणि पायलकडून विचारलं, तुमचं घर कुठं आहे, कसं आहे. आता कुणी घराचं विचारलं की आपल्या तोंडातून काय निघतं? अहो, आम्ही गरीब माणसं, आमचं कसलं घर. निघालं. पायलनं तोंड उघडायच्या आधी म्हातारीनं त्यातला एकच शब्द पकडला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा, त्यांच्यात गरीब म्हणजे पैसे नसलेला नव्हे, त्याला ते फकीर म्हणतात. गरीब म्हणजे परका. गावात ज्याचं कुणी नाही तो. तिला वाटलं, ही बाई सांगतेय की या शहरात माझं कुणी नाही. पायल म्हणाली, मी नंतर समजावते. ते 'नंतर' काही आलं नाही.

टाके निघाल्यावर पुढच्या शुक्रवारी म्हातारी वॉकर टेकत आमच्या बोळात हजर. मागे सालेम, त्याची बायको, दोन पुतणे, हलव्याचं ताट, खजूर, धूप आणि कॉफीची सुरई. परक्या माणसाला एकटं ठेवू नये म्हणून आले होते. आमची खोली तुम्हाला माहीत नाही, पण त्यात दोन माणसं भांडायला उभी राहिली तर तिसऱ्यानं बाहेर थांबावं लागतं. खुर्च्या चांगुणाबाईंनी स्वतः आणून दिल्या आणि त्यातल्या एकीवर स्वतःच बसल्या. पायलनं पाहुण्यांना अरबीत विचारलं की शराब कोणती घेणार. त्यांच्यात शराब म्हणजे नुसतं पेय, सरबतसुद्धा. पण हे आम्हाला कळेपर्यंत तुमचे पाव्हणे "मी आणतो, मी आणतो" म्हणत बाहेर चपला शोधत होते. कोकम सरबताचे ग्लास बघून तो माणूस जो बसला तो खालीच बघत बसला. मग कॉफी आली. रिकामा कप हातात हलवला तरच पुरे, नाहीतर ते ओतत राहतात. आपल्यात पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. सालेम ओतत राहिला, पाव्हणे पीत राहिले. त्यांचे डोळे इतके बाहेर आले की शेवटी चांगुणाबाईंनीच हातातला कप काढून घेतला.

निघताना म्हातारीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पावण्यात येऊन माझी अर्धी उमर गेली, पण माझ्या माहेरचं माणूस अजून या घराचा उंबरा चढलेलं नाही. तुम्ही वाशीला लग्नाला आला होता, तिथूनच परत गेलात. तेव्हा मी तिला चुकीचा शब्द सांगितला असं आता मला काही वाटेना.

तर शेवटचा फायदा. सालेमच्या बहिणीचा मस्कतला दवाखाना आहे. तिथं हिंदी, इंग्रजी आणि अरबी बोलणारी मुलगी पाहिजे, आणि त्यांनी पायलला बोलावलंय. उत्तर याच महिन्यात द्यायचंय. पाव्हण्यांनी जेवण सोडलं नाही, पण बोलणं सोडलं. त्याआधी एवढंच म्हणाले की पोरीला परक्या मुलखात पाठवणार नाही, विषय खलास. ('खलास' पण अरबीच आहे, हे पायलनं त्याच वेळी सांगायला नको होतं.) मीसुद्धा सगळ्यांसमोर साफ नाही म्हटलं, चांगुणाबाई साक्षीला होत्या. पोरगी भिंतीकडे तोंड करून बसते. असं हे तुमच्या एका बोटानं केलेलं काम. परत असला मेसेज पाठवलात तर सख्खा भाऊ आहे हे न बघता ब्लॉक करीन.

तिकडच्या थोरामोठ्यांना जयभीम, पोराटोरांना पापा, आणि वहिनींच्या गुडघ्याला आराम पडो.

तुमची,
काशी (उम्म पायल)

ता. क. फोन न करता पत्र लिहिलं, कारण एका खोलीत फोनवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. दादा, महिना संपायच्या आत इकडे या. पायलचा बाप जगात फक्त तुम्हाला घाबरतो. सातवीत तुमच्या हातची छडी खाल्ली आहे, अजून तुमचं नाव निघालं की तळहात मांडीखाली घेतो. त्यांना समोर बसवा आणि सांगा, पोरीला जाऊ दे. मी मधे मधे नाही नाही म्हणून ओरडेन, तिकडे लक्ष देऊ नका, मलाही दटावा. मी आधीच हो म्हटलं असतं तर, तुझ्यामुळे गेली, हे मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं. तुमच्यामुळे गेली तर तुम्ही परभणीला असता.

ता. क. दुसरं. मला चौथीतून काढून शेळ्यांमागे लावलं, तेव्हा आईनं तुम्हाला विचारलं होतं, पोरीला पुढं शिकवायचं का. तुम्ही नुकतेच मास्तर झाला होता. तुम्ही म्हणालात, बघू. या वेळी बघू म्हणायचं नाही.

ता. क. तिसरं. वहिनींनाही घेऊन या. उम्म सालेम अजून इथंच आहे आणि तिला गुडघ्यावर बोलायला कुणीतरी पाहिजे. फक्त तिच्यासमोर आम्ही गरीब माणसं असं चुकूनही म्हणू नका, नाहीतर सगळे परत घरी येतील. आणि तुम्ही आलात म्हणजे ते खरंही राहणार नाही.