मॉरीनला हवा असलेला शब्द

मॉसन लेक्स, अ‍ॅडलेड
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय बाबा,
सप्रेम जयभीम.

आम्ही सगळे मजेत. थंडी सरली आणि मॅगपाय पक्ष्यांचा हंगाम सुरू झाला. पिलं असली की ते येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झेप घेतात, म्हणून इथली मोठमोठी माणसं हेल्मेटला काटे लावून सायकल चालवतात. तुम्ही पाहिलं असतं तर तुमच्या जलशात घातलं असतं. आईचे गुडघे कसे आहेत? तुमची बीपीची गोळी वेळेवर चालू आहे ना?

प्रितम, भावा, हे तू बाबांना वाचून दाखवणार आहेस, तर हळू वाच. दोन वाक्यांच्या मध्ये जरा थांब.

आज माझ्या स्पीच थेरपीच्या एका पेशंटबद्दल लिहितेय. मॉरीन टॅटरसॉल तिचं नाव, वय एक्क्याऐंशी. तळ्यापलीकडे एकटी राहते. मूळची इंग्लंडची. वडील सूतगिरणीत, आईही तिथेच. सोळाव्या वर्षी ती एका फिरत्या नाटक कंपनीत शिरली. आधी स्टेज झाडायचं, मग पडदा ओढायचा, मग मोलकरणीचं काम, तेही ताट ठेवून निघून जाण्यापुरतं. एकदा ताट ठेवताना तिने नायकाकडे असं काही पाहिलं, की थिएटर हसून लोळलं. नायक आठवडाभर तिच्याशी बोलला नाही, पण मॅनेजरने पगार वाढवला.

पुढे टीव्हीवर एका विनोदी मालिकेत तिला चहावालीचं काम मिळालं. बसडेपोचं कँटीन, आणि ही मिसेस पिम. सगळ्या डेपोची लफडी चव्हाट्यावर मांडायची आणि शेवटी किटली उचलून साळसूदपणे विचारायची, "मी एक शब्द तरी बोलले का?" बाबा, त्या एका वाक्यावर अख्खा देश आठ वर्षं हसला.

मालिका संपली, वाक्य संपलं नाही. बाजारात, दवाखान्यात, आईच्या अंत्ययात्रेतसुद्धा लोक तिला तेच म्हणायला लावायचे. एका गंभीर नाटकाच्या निवडचाचणीत तिने मेलेल्या मुलाच्या आईचा प्रवेश केला, तर दिग्दर्शकच हसला. त्यानंतर एक हलकंफुलकं नाटक घेऊन ती ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर आली आणि परत गेलीच नाही. दौऱ्यात आवाजाची यंत्रं सांभाळणारा अ‍ॅडलेडचा केन तिला भेटला होता. "त्याने एकदाही ते वाक्य म्हणायला सांगितलं नाही," असं ती मैत्रिणींना सांगायची. तीन वर्षांपूर्वी तो गेला.

गेल्या वर्षी मॉरीनला स्ट्रोक आला. वाचा गेली. ऐकलेलं सगळं कळतं, डोक्यात सगळं असतं, पण शब्द ओठांवर येत नाही. आणि नशिबाने केलेली तिची थट्टा बघा, एक वाक्य मात्र धडधडीत शाबूत राहिलं: "मी एक शब्द तरी बोलले का?" पाणी हवं असलं तरी तेच, दुखलं तरी तेच. असं होतं, बाबा. हजारदा घोकलेलं मेंदूत वेगळ्या जागी टिकून राहतं. पहिल्या दिवशी माझ्यासमोर ते वाक्य तोंडातून निघालं आणि तिने स्वतःच्याच तोंडावर हात मारला.

तिला सगळ्यात आधी कोणता शब्द परत हवाय, हे शोधायलाच आम्हाला काही आठवडे लागले. शेवटी तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. केन.

मागच्या शनिवारी आमच्या गटाचा चहा होता, स्ट्रोकमधून सावरणारे आणि त्यांच्या घरचे. मॉरीन काठी टेकत आपणहून उभी राहिली. तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं. मागच्या रांगेतल्या एका आजोबांना दया आली. त्यांनी प्रेमानेच तिला तिचं जुनं वाक्य ओरडून सुचवलं.

मॉरीन सावकाश वळली. त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग एक बोट वर केलं: थांबा. कुणीतरी खुदकन हसलं. तिने तिकडेही तसंच पाहिलं. मग सगळा हॉल हसायला लागला, आणि ते हसू ओसरेपर्यंत ती थांबली. अगदी तुम्ही स्टेजवर थांबायचात तशी. वाचा गेली होती, पण कुठे थांबायचं ते तिचं तिला ठाऊक होतं.

"केन," ती म्हणाली. "माझा केन." पुन्हा थांबली. "चहा... भयंकर करायचा."

हॉल परत हसला. मी मात्र रडले, आणि सगळ्यांच्या देखत रडले.

हे तुम्हाला लिहू का, असं मी तिला विचारलं. तुमच्याबद्दलही सांगितलं. तिने विचारलं, "फनी?" मी म्हटलं, "व्हेरी." "टेल हिम..." एवढं म्हणाली. पुढचं आलं नाही. आम्ही वाट पाहिली, तरी आलं नाही. मग तिने हात उडवला आणि बिस्किट खाल्लं.

बाबा, मला सगळं कळतं. तुमच्या स्ट्रोकनंतर थेरपीवाली मुलगी येते तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करता. तुमच्या जलशातले नंदूकाका ढोलकी घेऊन भेटायला आले, तर चादर डोक्यावर ओढून घेतलीत. माझा फोन आला की हातानेच आईकडे सरकवता. ज्या माणसाने अख्ख्या वस्तीला हसवलं, त्याला अडखळताना कुणी पाहू नये, असंच ना? प्रितमला राग येतो. मला राग येत नाही. मी दिवसभर परक्यांसमोर बसून त्यांच्या अर्ध्यामुर्ध्या शब्दांची वाट पाहते, आणि माझ्या बाबांचा अर्धा शब्दही माझ्या वाट्याला येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

डिसेंबरमध्ये मी येतेय. महिनाभर. तिकीट काढलंय. थेरपिस्ट म्हणून येत नाही. तुम्ही हाकललंत तरी राहीन.

त्याआधी पुढच्या रविवारी फोन करते. आई फोन तुमच्या कानाला लावेल, तेवढा राहू द्या. काही आलं नाही तरी चालेल. मला तुमचा श्वास ऐकू येतो, बाबा, आणि मला कसलीही घाई नाही.

तुमचीच,
पलीकडे थांबलेली,
करुणा