मांडीवरचा मुलगा

आई, तुझ्या नातीला शाळेसाठी रोमन लोकांच्या घराचं पोस्टर करायचं होतं, म्हणून काल आमच्या तोयोसुच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर रंग, कात्री आणि गुलाम पसरले होते. पाणी भरणारा, दार उघडणारा, धन्याच्या मुलाला शाळेत पोचवणारा. मध्ये एक दाई, तीही विकत घेतलेली. तिने सांभाळलेल्या मुलाने मोठेपणी तिच्या थडग्यावर तिच्या नावाचा दगड कोरून घेतला म्हणे. पोरीला त्याचं फार कौतुक. मग एकदम म्हणाली, "बाबा, बट तिचं स्वतःचं बेबी? त्याला कोण भरवायचं?" मी म्हटलं, पुस्तकात बघ. "पुस्तकात नाहीये. नान दे?" का नाही, हे जपानीत मला विचारते!

तू काही गुलाम नव्हतीस. तुला पगार होता, दिवाळीला साडी होती, आणि कुणी वाकडं बोललं असतं तर तू काम सोडून आली असतीस. तरी मला त्या दगडाचा राग आला. तू मूल सांभाळायला जायचीस त्या बंगल्यातलं स्वयंपाकघरच डोळ्यांसमोर आलं. माझ्या बालवाडीला सुट्टी, म्हणून तू मला कामावर नेलंयस. मी मागच्या दाराशी बसलोय आणि तू त्यांच्या मुलाला मांडीवर घेऊन मऊ भात भरवतेयस, हा घास चिऊचा, हा काऊचा. तो तोंड फिरवतो. मी आ करतो. "तू मोठा आहेस ना? गप बस," म्हणालीस. मोठा! चार महिन्यांनी मोठा होतो गं मी. घरी यायचीस तेव्हा दमलेली असायचीस, आणि मी माझं मी वाढून घ्यायचो.

तू गेलीस तेव्हा मी इथून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तो मात्र वेळेवर हजर होता. माझ्या गळ्यात पडून, "मावशींनी मला वाढवलं रे," म्हणत ढसाढसा रडला. मला रडूच येईना. याला रडण्यातही पहिला नंबर हवा, एवढंच मनात येत होतं. निघताना त्याने तुझा फोटो हातात ठेवला, त्याच स्वयंपाकघरातला, मांडीवर मूल घेतलेला. आपल्याकडे तुझा तसा एकही नाही.

तो फोटो इथे भिंतीवर आहे. काल पोस्टर गुंडाळताना पोरगी त्याच्याकडे बघून म्हणाली, "तुला तर आजीच भरवायची." मी हो म्हटलं. मांडीवरचा तो मुलगा मीच आहे, असं मी तिला केव्हाच सांगून टाकलंय. हे पत्र आता कुठे धाडणार, त्या फोटोच्या मागेच ठेवतो. तुला कुणी विचारलंच, तर तूही हो म्हण.