विद्युलताची चवळी

अण्णा नगर, चेन्नई
१४ ऑक्टोबर २०२४

चि. तरुण,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक. माझे गुडघे कुरकुरतात, पण फिरते आहे. बंगळुरूत गारवा सुरू झाला असेल, कानटोपी घालत जा. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून हे पत्र. तू विचारलंस त्याचं उत्तर देणार आहे, पण आधी बातमी ऐक.

आपल्या विद्युलताची चवळी जिंकली!

हसू नकोस. एन्नोरच्या कोळणींच्या बचतगटाची धान्याची खोली आहे. समुद्राची दमट हवा, पोतं उघडावं तर भुंगेच भुंगे, दाण्यादाण्याला भोक. विषारी गोळ्या ठेवाव्यात तर त्याच खोलीत त्यांची मुलं झोपतात. झाडपाल्याचा काही उपाय शोध, म्हणून ती नोकरी करते त्या संस्थेनं ते काम विद्युलताकडे दिलं.

पहिली फजिती आपल्याच घरी झाली. मागच्या वर्षी तिनं कडुनिंबाचा अर्क हरभऱ्यांना चोळून ठेवला. भुंगा औषधाला नाही! मी खूश होऊन तेच हरभरे नवरात्रात, गोलूच्या बाहुल्या मांडल्या त्या पहिल्या दिवशी, सुंडलाच्या उसळीला घेतले. दोनदा धुतले, शिजवले. नैवेद्याचं चाखायची आपल्यात पद्धत नाही, तुला ठाऊक आहे. देवीला दाखवलं, आलेल्या बायकांना वाटलं. अय्यो! कडूजहर! विशालाक्षी मामींनी घास पदरात काढला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "नवरा टिकवता आला नाही, हरभरे टिकवतेय."

मी मामींना हळदकुंकू दिलं, विडा दिला आणि दार दाखवलं. तसं मला येतं बरं.

विद्युलता रडली नाही. भांडी आवरता आवरता म्हणाली, "अम्मा, दाण्याला कशाला लावायचं? पोत्यालाच लावू की." मग निर्गुंडीचा, म्हणजे आपल्या नोच्चीचा, ढीगभर पाला आणला, अर्क काढला, पोती त्यात भिजवून सावलीत वाळवली. घरभर असा वास की शेजारचे राजगोपाल विचारायला आले, कुणाला सर्दी झालीय का म्हणून.

पोंगलनंतर त्या पोत्यांत चवळी भरली, आणि ताडून पाहायला एका साध्या पोत्यातही. नवरात्रात उघडायची होती, तेव्हा मी हट्टानं तिच्याबरोबर एन्नोरला गेले. साधं पोतं उघडलं तर आतली चवळी नुसती वळवळत होती. तिचं पोतं उघडताना तिनं माझा हात घट्ट धरला. आत कशी लख्ख चवळी, तरुण! कोळणींनी जिभा हलवून आनंदाची कुलवै घातली. मला इतका अभिमान वाटला की भर खोलीत रडू आलं. मला इतका अभिमान वाटला की भर खोलीत रडू आलं.

तीच चवळी अष्टमीला सुंडलाला घेतली. यंदाही चाखली नाहीच. मामींना मुद्दाम बोलावलं होतं. दोनदा मागून घेतलं त्यांनी!

आता तुझं. डिसेंबरच्या आत विद्युलताला अकोल्याला माहेरी पाठव, घर बंद करून माझ्याकडे ये, असं तू म्हणालास. त्यानंतर मी नीट जेवले नाही. तू बायकोला सोडलंस, आता दिव्यश्रीशी लग्न कर, विद्युलता आड येणार नाही. तिनं तुझ्याबद्दल वाकडा शब्द काढलेला मी ऐकला नाही. पण हे घर तुझ्या अप्पांनी माझ्या नावावर केलंय आणि मी इथून हलणार नाही. तीही नाही. मी तिला दया म्हणून ठेवलेलं नाही रे. संध्याकाळी ती यायला उशीर झाला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते, जशी तुझ्यासाठी राहायचे.

तुझ्यासाठी अजूनही जीव तुटतो. दिव्यश्रीला घेऊन जेवायला ये, तुला आवडतं ते करीन. फक्त येण्याआधी विद्युलताला विचार. ती हो म्हणाली तर ये.

तुझी, आणि तिचीही,
अम्मा