तळावरचे एकवीस आकडे

मी, ऑल्विन रॉडरिक टास्कर, वय एकाहत्तर, भूसर्वेक्षण खात्यातून निवृत्त, राहणार क्वीनबियन, न्यू साउथ वेल्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हृदय कमजोर झाले आहे, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत, कारण त्यांत मुख्य गोष्टच लिहिलेली नव्हती.

१. राहते घर, त्यातील सामान आणि बँकेतील शिल्लक माझी मुलगी जॅनिस हिला मिळावी. मागच्या अंगणातले लिंबाचे झाड तिच्या आईने, म्हणजे माझी दिवंगत पत्नी एनिड हिने लावले आहे. ते तोडू नये, मोटार ठेवायला जागा कमी पडली तरीही.

२. हातोडा, भिंग, होकायंत्र आणि दगडांच्या सहा पेट्या जॅनिसने ठेवाव्यात, किंवा ज्याला दगड फोडायची खाज असेल त्याला द्याव्यात. पेट्यांवरची लेबले माझ्या अक्षरात आहेत आणि ती बरोबर आहेत.

३. माझा मेहुणा नॉर्म याने १९७४ साली दोन दिवसांसाठी नेलेली शिडी त्यालाच दिली असे समजावे. त्याहून अधिक काही त्याला मिळू नये.

४. टरॉसच्या किनाऱ्यावरची माझी मासेमारीची झोपडी आणि माझी १९५७ सालची तळनोंदवही क्लॅरेन्स पेंगिली, राहणार गोलबर्न, यांना मिळावी. याचे कारण लिहिणे मला भाग आहे.

त्या वर्षी आम्ही क्वीन्सलँडात, बूलियाच्या पश्चिमेला, गुरुत्वमापनाच्या, म्हणजे जागोजागचे गुरुत्वाकर्षण मोजून जमिनीखालचे खडक ताडण्याच्या, कामावर होतो. क्लॅरेन्स, म्हणजे आमचा क्लॅरी, जीपमध्ये उपकरण घेऊन मोजणीच्या रेषेवर जाई आणि ठरावीक अंतरावर थांबून वाचन घेई. गुरुत्व उंचीनेही बदलते, म्हणून प्रत्येक जागेची उंची बॅरोमीटरवरून काढत असू. पण हवेचा दाब उंचीप्रमाणे बदलतो तसाच हवामानानेही बदलतो. म्हणून दुसरा बॅरोमीटर तळावर ठेवून एका माणसाने दर दहा मिनिटांनी त्याचा आकडा लिहायचा असतो. तो माणूस मी होतो. तंबूच्या सावलीत बसून राहणे, एवढेच माझे काम होते.

एनिड त्या वेळी जवळच्या गुरांच्या फार्मवर मुलांना शिकवत असे. २१ ऑगस्टला टपालाच्या ट्रकने ती कायमची ॲडलेडला निघणार असल्याचे मला त्याच सकाळी कळले. मी अकरा वाजता तळ सोडला आणि अडीचला परतलो. तिने लग्नाला होकार दिला होता. परत येताना वारा फिरला, धूळ उठली, आणि तरीही मी पेन्सिल घेऊन मधले एकवीस आकडे भरून टाकले, एकाखाली एक, सरळ रेषेत.

त्या तासांत दाब घसरला होता आणि पुन्हा सावरला होता. माझ्या वहीत तो जागचा हललाच नाही. त्यामुळे जमिनीवर नसलेली टेकडी क्लॅरीच्या रेषेवर उभी राहिली आणि हिशेबात तिच्याखाली जड खडकाचा उंचवटा दिसू लागला. तेथे तेलासाठी आठ महिने विहीर खोदली. काही निघाले नाही. उंच्या पुन्हा मोजल्या तेव्हा चूक उघडी पडली. क्लॅरीने जीप न थांबवता बसल्या जागी आकडे भरले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. मी त्याच खोलीत होतो. मी गप्प बसलो. मला तेव्हाही लाज वाटत होती आणि आजही वाटते.

क्लॅरीला खाते सोडावे लागले. त्याने उरलेली वर्षे गोलबर्नला पावाची गाडी चालवली. एनिडला सगळे ठाऊक होते. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली, "अरे, माझ्यापायी केलंस ना ते? मग मी गेल्यावर तरी सांग त्याला." त्यालाही सहा वर्षे होऊन गेली.

येथवरचा मजकूर मी वकीलबाई मिस हॅलम यांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला आणि विचारले, "अहो टास्कर, हे गृहस्थ हयात आहेत ना? मग स्वतःच्या मरणाची वाट कसली बघताय?" मी क्लॅरीला फोन केला.

तो आज सकाळच्या बसने आला. छत्तीस वर्षांनी भेटलो. चहाला हात न लावता त्याने कलम ४ दोनदा वाचले.

"एकवीस आकडे, फूटपट्टीनं आखल्यासारखे," तो म्हणाला. "चौकशीच्या टेबलावरच पाहिले होते मी. असा बॅरोमीटर कुठे असतो का रे?"

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार, कपाळ? स्वतःचं घोंगडं मित्राच्या गळ्यात घालतोय म्हणाले असते. आणि तू समोरच बसला होतास ना. मला वाटलं, आत्ता बोलशील." त्याने कागद खाली ठेवला. "माझी बायको, मॉरीन, मरेपर्यंत म्हणायची, तुझ्यावर विश्वास आहे. पण म्हणायला लागायचं तिला, कळलं का? रोज."

मी माफी मागितली.

"माफ केलं असं लिहू नकोस," तो म्हणाला. "आणि ती झोपडी खोड आधी. मला मासे आवडत नाहीत, आणि काही मिळणाऱ्याला साक्षीदार होता येत नाही म्हणे. मला सही करायची आहे."

५. त्यानुसार कलम ४ मधील झोपडीही जॅनिसला मिळावी. नोंदवही मी आजच क्लॅरीच्या हाती दिली आहे. कलम ४ ची प्रत खात्याला माझ्या हयातीतच, उद्याच्या टपालाने, पाठवली जाईल.

ठिकाण : क्वीनबियन
दिनांक : १२ मे १९९४

(सही) ऑल्विन आर. टास्कर

वरील सही आमच्या डोळ्यांदेखत झाली. वाचन सुरू झाल्यापासून सही होईपर्यंत मृत्युपत्रकर्ता जागेवरून उठला नाही, हे आम्ही पाहिले.

साक्षीदार :
(सही) डॉरोथी हॅलम, वकील
(सही) क्लॅरेन्स पेंगिली, गुरुत्वमापक निरीक्षक