टाचणीला लावलेली शिस्त

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण आधी टाचणीबद्दल सांगायला हवं होतं आणि ते लिहायला हात धजत नव्हता.

टाचणी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी दिलेलं कुत्रीचं पिल्लू. दात असे टोकदार की नाव आपोआपच पडलं. खेळता खेळता मनगट, बाही, पायाचा अंगठा, जे सापडेल ते तोंडात धरायची. नर्सबाईंनी मला युक्ती सांगितली. दात लागले की 'आई गं' म्हणायचं, खेळ तिथेच थांबवायचा आणि पाठ फिरवायची. शांत झाली की चावायला दोरीची गाठ द्यायची. चष्म्याच्या दुकानातलं काम संपवून घरी आले की मी तेवढंच करायचे. ती गोंधळून मान वाकडी करायची, मग दात लागलेली जागा चाटायची. हळूहळू उमजलं तिला. माझं बोट तोंडात घेतलं तरी दाब म्हणून नसायचा.

दिवसभर मात्र ती बाबांजवळ. नोकरी संपली तरी त्यांच्यातला कवायतीचा मास्तर काही घरी बसला नाही. त्यांची पद्धत तुला काय सांगायची? तिचाच ओठ तिच्या दातांखाली सारायचा आणि वरून जबडा दाबायचा. आवाज चढत नाही, कपाळावर आठी नाही. तुझ्या ओठाच्या आतला वण आहे ना रे अजून? तिचं चावणं थांबलं, तरी ते मुद्दाम बोटं पुढे करायचे. तिने चाटलं तरी दाबायचे. मी विचारलं, तर म्हणाले, उजळणी नको का? शेजारी कौतुक करायचे, किती शहाणं केलंत पिल्लू म्हणून. शहाणी कसली, बाबांची चप्पल वाजली की ती बसल्या जागी मुतायची.

मग एका दुपारी ती झोपलेली असताना त्यांनी तिचा जबडा धरला, आणि ती खरी चावली. अंगठ्याच्या बुडाशी, रक्त येईपर्यंत. बाबांनी हात धुतला, पट्टी बांधली आणि तिला पिशवीत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मी आले तेव्हा ते तिचा पट्टा धुऊन वाळत घालत होते.

"चावरी निघाली," ते म्हणाले. "डॉक्टर का-कू करत होता, पण द्यायला लावलं शेवटचं इंजेक्शन. वाढ जेवायला."

मी वाढलं.

तू लिहितोस, तुझी लेक पाळणाघरात मुलांना चावते, तुम्ही दोघं थकलात, आणि बाबा फोनवर म्हणाले, महिनाभर इकडे पाठव, सरळ करून देतो. वयाने मऊ झाले असतील, असंही लिहितोस. त्यांनी मागची खोली झाडून घेतली आहे. तिच्यासाठी छोटी खुर्ची आणली आहे. कधी येते म्हणून रोज विचारतात. पाठवू नकोस. ताई आहे ना घरात, असं तर मनातही आणू नकोस. टाचणीलाही मी होतेच.

तुझीच, तुला ओळखून असलेली,
ताई